डबीतला मुद्देमाल

रत्नागिरीत मारुती मंदिराच्या चौकापासून फार लांब नसलेल्या एका आडगल्लीत, गळक्या पत्र्याच्या पडवीखाली, गेली कित्येक वर्षे सायकलींची पंक्चरे काढीत बसणारे एक चाचा आहेत. त्यांच्या हत्यारांच्या पेटीत, सोल्युशनची नळी, कानस आणि झिजून गुळगुळीत झालेल्या दोन टाम्या यांच्या शेजारी, बामाची एक रिकामी डबी असते. आणि गिऱ्हाइकाच्या टायरमधून जे काही निघेल ते, गिऱ्हाइकाला दाखवून झाल्यावर, फेकून न देता त्या डबीत टाकण्याचा त्यांचा शिरस्ता आहे. गुदस्ता पावसाळ्याच्या तोंडी त्यांनी ती डबी पहिल्यांदा माझ्यासमोर एका पाटावर उपडी केली, तेव्हा ज्याचे उभे आयुष्य न्यायालयाच्या दफ्तरखान्यात गेले अशा माझ्यासारख्या निवृत्त कारकुनाला, मोहोरबंद पुडके पंचांसमक्ष फोडून आतला मुद्देमाल मांडावा तसे वाटले. गंजलेल्या बारीक चुका, केसाहून थोड्याच जाड अशा पोलादी तारा, बाटलीच्या हिरव्या काचेचे कण, काळ्या खडीच्या धारदार कपच्या, करवंदीचे दोन काटे, आणि मिरकरवाडा बंदराच्या बाजूने आलेल्या कुणाच्या तरी चाकात रुतलेला, मासे धरण्याचा एक गळ, एवढा ऐवज त्या पाटावर पसरला होता.

‘‘कुठला टायर घेऊ म्हणून मला काय विचारता, भाऊसाहेब?’’ चाचा म्हणाले. ‘‘ह्या डबीला विचारा. ती खोटं बोलत नाही.’’

साठी उलटल्यावर, गुडघ्यांनी चालण्याविरुद्ध रीतसर फिर्याद गुदरल्यामुळे, मी डॉक्टरांच्या सल्ल्याने सायकल घेतली. आणि ज्या वयात माणसे पोथी वाचू लागतात त्या वयात मी टायरांची माहितीपत्रके वाचू लागलो. रत्नागिरी, चिपळूण, दापोली येथे हल्ली सायकलस्वारांचे क्लब आहेत, त्यांत डॉक्टर आहेत, शिक्षक आहेत, बँकेतील मंडळी आहेत, आणि रविवारी पहाटे निघून उन्हे चढण्यापूर्वी गणपतीपुळ्याला जाऊन परत येणारे माझ्यासारखे हौशी म्हातारेही आहेत. या मंडळींत चार जण जमले की बोलणे प्रथम हवामानावर, मग गुडघ्यांवर आणि शेवटी टायरांवर येते. परंतु त्या बोलण्यात एक गोष्ट मला नेहमी खटकत आली. मुंबई-पुण्याच्या दुकानातून किंवा परदेशी माहितीपत्रकातून टायरचे वजन किती ग्रॅम, त्याच्या कापडात इंचाला धागे किती, याचा तपशील सर्वांना मुखोद्गत असतो. आपल्या रस्त्यावर पडलेले काय असते याचा मात्र कुणी पंचनामा केलेला नसतो. शत्रू कोण हे ठरण्यापूर्वीच चिलखताची खरेदी झालेली असते.

म्हणून प्रथम आरोपींची ओळख पटविणे अगत्याचे आहे. आणि तसे करताना ज्याच्यावर वर्षानुवर्षे नाहक आळ येत राहिला आहे त्या जांभ्या दगडाला मी आरंभीच दोषमुक्त करतो. कोकणात चाक फाटले की बाहेरगावचा पाहुणा लाल दगडाकडे बोट दाखवतो. 1807 साली मलबारच्या दौऱ्यावर लिहिताना फ्रान्सिस बुकानन या स्कॉटिश वैद्याने याच दगडाला, विटेच्या लॅटिन शब्दावरून, लॅटराइट हे नाव दिले. खाणीतून काढताना तो कुऱ्हाडीने तासता येण्याइतका मऊ असतो आणि हवा लागली की टणक होतो, म्हणूनच आमची घरे, गडगे आणि विहिरी चिऱ्यांच्या आहेत. मात्र हा टणकपणा भिंतीत उभा राहण्यापुरता. चिऱ्याच्या ट्रकमधून सांडलेला त्याचा तुकडा एखाददुसऱ्या चाकाखाली आला की त्याची भुकटी होते, ती भुकटी तुमचे मोजे तांबडे करील, साखळी किरकिरवील, पण टायरमध्ये शिरणार नाही. शिरते ती काळ्या दगडाची खडी. डांबरीकरणासाठी यंत्रात फोडलेल्या या खडीच्या कडा नव्या असताना सुरीसारख्या असतात, आणि रस्ता नवा झाल्याच्या आनंदात पहिल्याच आठवड्यात त्यावर सायकल घालणाऱ्याला त्या आनंदाची किंमत रोख मोजावी लागते.

दुसरा आरोपी चूक. लहान खिळ्याला आणि प्रमादाला आपल्या भाषेने एकच शब्द का मुक्रर केला असावा, याचा उलगडा मला फाल्गुन-चैत्रात आंब्याच्या पेट्या ठोकताना पाहून झाला. हलक्या लाकडाच्या फळ्या, त्यांवर भराभर चालणारी हातोडी, तोंडात धरलेल्या चुका, आणि त्यांतून निसटून आवारात, आवारातून टेंपोच्या चाकाला चिकटून रस्त्यावर येणारी एखादी! पुठ्ठ्याची खोकी आल्यापासून हा उपद्रव उणावला आहे, नाहीसा झालेला नाही. जुनी पेटी फोडून बंबात घातली की तिच्या चुका राखेबरोबर उकिरड्यावर आणि उकिरड्यावरून कधी ना कधी रस्त्याच्या कडेला येतात.

परंतु डबीतला अट्टल गुन्हेगार कोण असे विचाराल तर तो म्हणजे ती तार. ट्रकच्या रेडियल टायरमध्ये पोलादी तारांचे पट्टे असतात. असा टायर महामार्गावर फुटला की त्याच्या चिंधड्या हातखंब्यापासून संगमेश्वरापर्यंत कोठेही कडेला पडलेल्या दिसतात, रबर उन्हाने झडून जाते आणि आतल्या तारांचे बोटभर तुकडे मोकळे होतात. ही तार चुकीसारखी एका घावात आत घुसत नाही. ती प्रथम टायरच्या पाठीवर नुसती चिकटते, आणि मग प्रत्येक फेऱ्याला रस्ता तिला एकेक हातोडी मारतो. शर्यतीच्या साधारण चाकाचा परीघ 2 मीटर आणि वर काही सेंटिमीटर भरतो, म्हणजे किलोमीटरला सुमारे 470 फेरे. सकाळी हातखंब्याला चिकटलेल्या तारेला संध्याकाळपर्यंत हजारो ठोके बसतात आणि घराच्या फाटकाशी, जेथे कसलीही तार नाही तेथे, हवा उतरते. मग स्वार फाटकाची जमीन तपासतो. चाचांच्या म्हणण्याप्रमाणे निम्म्या लोकांना गुन्हा जेथे उघडकीस आला तेथेच तो घडला असे वाटते, आणि न्यायालयात तीस वर्षे काढलेल्या माणसाने या मतावर शिक्कामोर्तब करावयास हरकत नसावी.

काट्यांचा बाऊ आमच्याकडे करण्याचे कारण नाही. देशावर तो करावाच लागतो. तेथे बाभळीचा काटा आहे, वेडी बाभूळ आहे, आणि वाळसर माळावर पसरणारा सराटा आहे, ज्याच्या फळाला सगळ्या बाजूंनी काटे असल्यामुळे ते कसेही पडले तरी एक काटा आकाशाकडे रोखलेला राहतो. इंग्रजीत या वनस्पतीला पंक्चरवेल असेच नाव आहे. सोलापूर-नगरकडच्या स्वाराने दिलेला टायरविषयीचा सल्ला म्हणून कोकणात जसाच्या तसा लागू करू नये. आमच्या करवंदीच्या जाळ्या बांधापलीकडे राहतात; पावसाळ्यापूर्वी कुंपणे शाकारताना काटेरी फांद्यांच्या जुड्या रस्त्यावरून ओढून नेल्या जातात तेवढे आठ-पंधरा दिवस सांभाळले की पुरे.

या सर्व आरोपींचे राहण्याचे ठिकाण मात्र एकच, आणि ते म्हणजे रस्त्याचा काठ. मोटारींच्या चाकांनी मधला भाग आपोआप झाडला जातो, तो सारा केर कडेला साठतो, आणि सायकलस्वाराला तर कायद्याने नसले तरी धाकाने तोच मुलूख तोडून दिलेला असतो. मुंबई-गोवा महामार्गाच्या रुंदीकरणाचे काम 2011 साली सुरू झाले, ते इतकी वर्षे रेंगाळले आणि या काळात त्याच्या कडेला खडी, सळयांचे तुकडे आणि बांधणीची तार यांचा जो साठा झाला, त्याची मोजदाद कुणा दफ्तरात असेल असे वाटत नाही. जाणते स्वार काठापासून हातभर आत राहून चालवतात. मागून भोंगा वाजला की ते बाजूला होतात, भोंगा गेला की पुन्हा आत येतात. पंक्चर टाळण्याचा हा उपाय फुकट असल्यामुळे कोणत्याही माहितीपत्रकात सापडत नाही.

आता चिलखताकडे वळू. हवेच्या टायरची मूळ कल्पना रॉबर्ट विल्यम थॉमसन याची, 1845 ची. ती विस्मरणात गेल्यावर 1888 साली बेलफास्टमधील जनावरांचे डॉक्टर जॉन बॉइड डनलप यांनी, मुलाच्या तीनचाकीला हादरे बसू नयेत म्हणून केलेल्या खटपटीतून, तिचे नव्याने एकस्व घेतले. आपल्या काळ्या सायकलीच्या व्हॉल्व्हला पुष्कळ ठिकाणी अजून त्याच डनलपचे नाव चालते. त्या काळचा टायर म्हणजे सुती कापड, त्यावर रबराचे जाड साल आणि आतून फुगवलेली नळी. असल्याच टायरांच्या सायकलींवरून मुंबईहून ऑक्टोबर 1923 मध्ये निघालेल्या सहा पारशी तरुणांपैकी आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा हे तिघे जगाची प्रदक्षिणा पुरी करून मार्च 1928 मध्ये परतले. तारा, काटे आणि काच अडवणारे आजचे पट्टे त्यांच्या जमान्यात कुणाच्या स्वप्नातही नव्हते.

आजचा टायर पाठीकडून आत कापत गेले तर प्रथम लागते ते झिजण्याचे रबर, मग तारेला अडविणारा पट्टा, मग नायलॉनच्या धाग्यांचे कापड, आणि दोन्ही कडांना रिमच्या खोबणीत बसणारी तार किंवा, घडी घालता येणाऱ्या टायरमध्ये, तितकाच चिवट धागा. यांपैकी पट्टा हाच आपल्या विषयाचा गाभा. तो दोन जातींचा असतो. एक जात विणलेल्या धाग्यांची. ड्यू पाँ कंपनीच्या प्रयोगशाळेत स्टेफनी क्वोलेक या विदुषीने 1965 मध्ये ज्याचा शोध लावला तो केव्हलर, किंवा व्हेक्ट्रन, किंवा घट्ट विणीचे पॉलिएस्टर, यांची ही जाळी पातळ असते, वजन वाढवीत नाही, आणि काच व खडी यांचा वार उत्तम झेलते. बारीक तार मात्र दोन धाग्यांच्या मधून अधूनमधून निसटतेच, कारण जाळी कितीही दाट केली तरी ती शेवटी जाळीच. दुसरी जात निव्वळ जाडीची. श्वाल्बे या जर्मन कंपनीच्या मॅरेथॉन प्लस टायरमध्ये पाठीच्या रबराखाली 5 मिलिमीटर जाडीचा एक मऊ, लवचीक थर असतो. तारेचा किंवा चुकीचा तुकडा त्यात रुततो, पण ट्यूबपर्यंत त्याची लांबी पुरत नाही. हा थर इंडिया रबराचा असल्याचे ती कंपनी सांगते, आणि ते वाचून आपल्या दोडामार्गातील रबराच्या बागा आठवून ज्यांना अभिमान वाटेल त्यांनी जरा थांबावे. इंग्रजीत नैसर्गिक रबराला फार पूर्वीपासून इंडिया रबर म्हणत आले आहेत, त्यात आपल्या देशाचा संबंध नाममात्रच.

डबीतल्या तारेवर रामबाण उपाय हवा असेल तर तो हा दुसऱ्या जातीचा टायर होय, याविषयी माझ्या मनात शंका नाही. रोज त्याच रस्त्याने कामावर जाणाऱ्याने, सामान लादून कन्याकुमारीला निघालेल्याने, आणि ज्याला टायर काढण्याची मनापासून भीती वाटते अशा प्रत्येकाने तो खुशाल घ्यावा. परंतु त्याची कैफियतही ऐकून घेतली पाहिजे. 28 मिलिमीटर रुंदीच्या अशा एका टायरचे वजन पाऊण किलोच्या आसपास जाते, त्याच मापाचा शर्यतीचा टायर त्याच्या निम्म्याहूनही पुष्कळ कमी भरतो; आणि हा फरक नुसता वजनाचा नसतो. रस्त्यावरचा प्रत्येक खडा ओलांडताना टायरचे कापड आणि रबर दबते व पुन्हा उभारते, त्या दबण्या-उभारण्यात स्वाराचा जोर खर्ची पडतो, आणि कूस जितकी जाड व निबर तितका हा खर्च मोठा. भाट्याचा पूल ओलांडून पावसकडे जाणारा रस्ता ज्याने चालवला आहे, एका खाडीतून वर चढून सड्यावर यावे, सड्यावरून पुन्हा खाली दुसऱ्या खाडीशी उतरावे, असा ज्या मुलखाचा स्वभावच आहे तेथे हा खर्च कसा साठत जातो हे त्याला पिंडऱ्या सांगतात.

या दोन टोकांच्या मध्ये, शर्यतीच्या सायकलीला शोभेल असा आणि तरीही डबीला दाद न देणारा, एक वर्ग आहे. कॉन्टिनेंटल कंपनीचा गेटरस्किन हा त्यातला सर्वांत प्रसिद्ध. पाव किलोच्या आसपास वजन, पाठीखाली दाट विणीचा पट्टा, आणि दोन्ही कुशींवरही संरक्षक कापड. कुशीवरचे हे कापड मला फार महत्त्वाचे वाटते, कारण खचलेल्या साइडपट्टीवरून वर चढताना डांबराची तुटकी कड पाठीला नव्हे तर कुशीला कापते, आणि पाठीचे भोक ठिगळाने बुजते, कुशीचा चिरा बुजत नाही. याच कंपनीचा ग्रां प्री फोर सीझन हा त्याचा महागडा भाऊ. आणि 2018 पासूनचा ग्रां प्री 5000 हा चपळ, मऊ, ज्याच्यावरून सायकल पाण्यावरून होडी जावी तशी जाते असा, पण शर्यतीच्या दिवसासाठी राखून ठेवावा असा. धाग्यांच्या संख्येला मात्र कुणी भुलू नये. काही कारखाने कापडाच्या तिन्ही थरांची बेरीज करून 180 चा आकडा छापतात, एकेका थरात ते 60 च असतात.

गेटरस्किन हे नाव मी प्रथम चाचांपुढे उच्चारले तेव्हा एक मौज झाली. टायरला मोठा चिरा गेला की आतून जुन्या टायरचा कापलेला तुकडा अस्तरासारखा बसवतात, त्याला आपल्याकडचे कारागीर गेटर म्हणतात. ‘गेटर टाकणे’ हा या धंद्यातला मुरलेला शब्दप्रयोग आहे. परदेशी कंपनीला नाव सुचले ते मगरीच्या कातड्यावरून. पण चाचांनी टायर हातात घेऊन आतून-बाहेरून चाचपला, आणि ‘‘म्हणजे कंपनीनंच गेटर टाकून दिलाय म्हणायचा!’’ असा निकाल दिला. पट्ट्याच्या कार्याचे याहून अचूक वर्णन मी कोठे वाचलेले नाही.

येथे मापाविषयी एक इशारा देणे भाग आहे. माझ्या ओळखीच्या एका निवृत्त गुरुजींनी, वडिलांच्या वेळची काळी सायकल पुन्हा चालती करण्याच्या हौसेने, एका मोठ्या शहरातील दुकानातून ‘28 इंची’ म्हणून परदेशी टायर मागवले. टायर आले, आणि दोन माणसांनी दोन बाजूंनी ओढले तरी रिमवर चढेनात. दुकानदाराला लिहिले तर त्याचे उत्तर असे की माल मागणीबरहुकूम आहे. आणि दुर्दैवाने ते खरे होते. आपल्या जुन्या सायकलीचे 28 गुणिले दीड हे माप ज्या रिमवर बसते तिचा बैठकीचा व्यास 635 मिलिमीटर असतो. आजच्या शर्यतीच्या सायकलीची रिम 622 ची, आणि जर्मन लोक तिलाही 28 इंचच म्हणतात. तेरा मिलिमीटरचा फरक आणि नाव एकच! तेव्हा इंचांवर विसंबू नये, टायरच्या कुशीवर 28-622 किंवा 32-622 असे जे जोड आकडे उठवलेले असतात तेच वाचावेत. त्यांतला पहिला रुंदीचा, दुसरा बैठकीचा. गुरुजींच्या सायकलीला अखेर बाजारपेठेतला देशी टायर बसला. तो शेकड्यांत मिळतो, परदेशी हजारांत; आणि गुरुजींचे रोजचे काम तो बिनतक्रार करतो.

रुंदी किती घ्यावी? पूर्वी शर्यतीची सायकल म्हटली की 23 मिलिमीटरचा टायर, त्यात शंभरावर पौंड हवा, आणि स्वाराचे दात वाजत राहणे, अशी परंपरा होती. ती आता मोडली आहे. सारख्याच दाबाला रुंद टायर अरुंदापेक्षा किंचित सुलभच फिरतो हे सिद्ध झाल्यापासून शर्यतीतले लोकही 28 वर आले. आमच्या रस्त्यांसाठी सायकलीच्या चिमट्यात मावेल तो सर्वांत रुंद टायर घ्यावा असे माझे स्पष्ट मत आहे. 28 हे किमान समजावे, 32 मावत असेल तर सोडू नये. आणि उक्षीची किंवा कशेळीची कातळशिल्पे पाहण्यासाठी डांबर सोडून सड्यावर चाक घालण्याची हौस असेल तर त्याहूनही रुंद. रुंद टायरात हवा कमी भरता येते, आणि तेथेच अर्धी लढाई जिंकली जाते.

कारण हवेचा दाब हा टायरच्या किमतीइतकाच, कदाचित अधिकच, महत्त्वाचा आहे. फार कमी हवा असेल तर खड्ड्याच्या कडेवर आपटताच ट्यूब रिम आणि दगड यांच्यामध्ये चिमटते व तिला शेजारीशेजारी दोन भोके पडतात. हे जुळे भोक दिसले की डबीत शोधण्यासारखे काही नसते, दोष पंपाचा. फार जास्त हवा असेल तर टायर दगडासारखा ताठ होतो, तुकड्यावरून दबून पुढे जाण्याऐवजी त्याच्यावर स्वतःला भोसकून घेतो, आणि ओल्या रस्त्यावर पाय रोवीत नाही. सत्तरेक किलोच्या माणसाने 28 च्या टायरात मागे 75 ते 80 पौंड आणि पुढे 65 ते 70 हा हिशेब धरून आरंभ करावा व मग स्वतःच्या बुडाच्या साक्षीने फेरफार करावा. टायरच्या कुशीवर छापलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो. ती आज्ञा नव्हे.

हे मला कोणी आधी सांगितले नव्हते असे नाही. मी ऐकले नव्हते. मागल्या श्रावणात, पंक्चर होऊ नये या धास्तीने, मी दोन्ही चाकांत कुशीवरच्या आकड्याइतकी हवा ठासून भरली आणि आरे-वारेच्या रस्त्याला लागलो. एका हाताला समुद्र खवळलेला, दुसऱ्या हाताला डोंगराची ओली लाल दरड, आणि मध्ये वळणावळणाचा उतार. झाडांच्या सावलीत डांबराच्या कडेवर शेवाळ धरलेले होते. ब्रेक दाबल्याचे आठवते. नंतरचे आठवते ते एवढेच की मी रस्त्यावर बसलो होतो आणि सायकल माझ्या पुढे पाच-सहा हातांवर आडवी होती. कोपर सोलवटले, पँट फाटली. पंक्चर मात्र झाले नव्हते. गणपतीपुळ्याहून परतणाऱ्या एका यष्टीच्या ड्रायव्हरने गाडी थांबवून, ‘‘आजोबा, हा काय सायकल चालवायचा टाइम आहे?’’ असे जे विचारले त्याला माझ्यापाशी उत्तर नव्हते.

त्या दिवसापासून टायरविषयीचे माझे मत बदलले, किंबहुना या लेखात मला जे सांगावयाचे आहे ते तेथेच उमगले. ज्या जिल्ह्यात वर्षाला 3000 मिलिमीटरहून अधिक पाऊस चार महिन्यांत कोसळतो, आणि जेथे सपाट रस्ता अपवादानेच भेटतो, तेथे टायरचा पहिला गुण पकड आणि दुसरा चिवटपणा. हे दोन्ही गुण एकमेकांशी भांडतात. फार काळ टिकावे म्हणून कठीण केलेले रबर ओल्यात घसरते. चिवट टायरांच्या सगळ्याच वर्गावर, आणि गेटरस्किनवरही, जाणकारांचा जुना आक्षेप हाच आहे. पुन्हा पाऊस दुसऱ्या बाजूनेही घात करतो. ओल्या रबरावर सुरी सहज चालते, हे रबर कापणाऱ्या कोणालाही विचारा. कोरड्या दिवसांत जी काच टायरला नुसती खरवडून गेली असती ती पावसात आत शिरते, आणि पाण्याच्या लोंढ्याने काठावरचा केर पुन्हा रस्त्यावर पसरलेला असतो. म्हणून पावसाळ्यात मी पुढच्या चाकाला पट्टा असलेला पण मऊ रबराचा टायर लावतो, मागच्या चाकाला चिवट, आणि दोन्हींत नेहमीपेक्षा पाच पौंड हवा कमी. मागचे चाक घसरले तर माणूस सावरतो. पुढचे घसरले तर माझ्यासारखा रस्त्यावर बसतो. शिवाय स्वाराच्या वजनाचा मोठा हिस्सा मागे असतो, ओढही तेथूनच लागते, त्यामुळे झीज आणि पंक्चरे यांचा जास्त वाटा मागच्यालाच येतो. चिलखत तेथे हवे.

ट्यूबलेसचे काय, असे तरुण मंडळी विचारतील. टायरच्या आत रबरी चीक सोडावयाचा, भोक पडले की तो तेथे थिजून भोक बुजवतो, ही युक्ती खरोखरीच चांगली आहे, तारांवर तर विशेषच. मात्र आमच्या उष्ण हवेत हा चीक काही महिन्यांतच सुकतो, तो वेळोवेळी भरावा लागतो, आणि कुशीला मोठा चिरा जाऊन तो हरला की पूर्णगडाच्या पुलावर उभे राहून आत ट्यूब घालताना हात, कपडे व धीर सर्वच चिकट होतात. ज्याला ही उस्तवार आवडते त्याने करावी. भरीव, बिनहवेच्या टायरांविषयी तर मी काहीच म्हणत नाही. डनलपने जे हादरे मुलासाठी घालवले ते पैसे देऊन परत का आणावेत?

लांब पल्ल्याच्या मंडळींचे गणित थोडे निराळे. ब्रेव्हे नावाच्या ज्या दौडी फ्रान्समधून आपल्याकडे आल्या त्यांत 200 किलोमीटरला साडेतेरा तासांची आणि 600 ला 40 तासांची मुदत असते. शर्यत नसली तरी मुदत असतेच, आणि रात्री दोन वाजता आंबा घाटात विजेरी दातांत धरून टायर काढणाऱ्याला पन्नास ग्रॅम वजन वाचवल्याचे समाधान पुरत नाही. अशा स्वारांनी मला एकमताने जे सांगितले ते असे: टायर नवा असताना निघू नये आणि जुना झाल्यावरही निघू नये, एक दोनशे किलोमीटर चालवून पारखलेला टायर घ्यावा, दोन ट्यूबा, ठिगळे, आणि जुन्या टायरचा बोटभर तुकडा जवळ ठेवावा, आणि रिमपट्टी तपासावी, कारण आऱ्यांच्या भोकांतून आतल्या आत होणारे पंक्चर कोणताही पट्टा अडवू शकत नाही.

आणि एक सवय, जिची शिफारस चाचांनीही केली आणि जी मी आता नेमाने पाळतो. घरी आल्यावर सायकल अंगणात उलटी करावी, चाक सावकाश फिरवावे, आणि जाड फडके पाठीवर धरून पाहावे. फडके जेथे अडकेल तेथे तार. ती चिमट्याने उपटावी, खडीचा कण असेल तर सुईने काढावा. हजारो ठोक्यांपैकी निम्मे बसण्यापूर्वीच आरोपी हाती लागतो. पाच मिनिटांचे हे काम करणाऱ्याचा साधा टायर, न करणाऱ्याच्या महागड्या टायरपेक्षा, अधिक टिकतो असे मी पाहिले आहे. उन्हाळ्यात सायकल पडवीत, उन्हाआड ठेवावी, कारण ऊन टायरच्या कुशीला भेगा पाडते आणि खारा वारा कडेची तार गंजवतो. आणि हवा उतरलेल्या चाकावर तिला महिनोन्महिने उभी करून ठेवू नये.

माझ्या मागच्या टायरच्या पाठीवर कारखान्याने झीज कळावी म्हणून ठेवलेले दोन बारीक खळगे या भाद्रपदात दिसेनासे झाले; म्हणजे त्याची मुदत संपली. नवा टायर मागवला आहे, 28-622 असे आकडे दोनदा वाचून. नवा टायर पुढे या नियमाप्रमाणे तो पुढे बसेल, पुढचा मागे जाईल, आणि जुना गेटरस्किन चाचांनी आताच मागून ठेवला आहे. त्याचे तुकडे करून ते शाळेच्या पोरांच्या सायकलींना गेटर टाकणार आहेत.